राखेचा ब्रश

सुतकात लिहू नये, असे काल चुलतभाऊ म्हणाला. कुठे सांगितले आहे ते दाखव म्हटले, तर त्याला दाखवता आले नाही. म्हणून लिहिते आहे. रोज एक-दोन पाने होतात. माझा हात मुळात सावकाश चालतो आणि या दिवसांत घाई करण्यासारखे काही उरलेलेही नाही.

नाना, म्हणजे माझे वडील, गेले त्याला आज सात दिवस झाले. त्यांना मुलगा नाही, मी एकटी मुलगी. म्हणून क्रियाकर्म चुलतभाऊ करतो आहे. तेराव्याला दान द्यायच्या वस्तूंची यादी भटजींनी त्याच्याजवळ दिली. गादी, उशी, पांघरूण, छत्री, काठी, जोडा, तांब्या-भांडे, दोन धोतरे. गेलेल्या माणसाला पुढच्या वाटेवर अडचण पडू नये म्हणून या वस्तू देतात. यादीच्या शेवटी चुलतभावाने स्वतःच्या अक्षरात एक ओळ वाढवली होती : दाढीचे सामान, ब्रशांसह. मी टाक घेतला आणि ती ओळ खोडली.

"अक्का, रोजच्या वापरातलं होतं ते त्यांच्या," तो म्हणाला. "तिकडे लागेल की."

"तिकडे न्हावी असेल," मी म्हटले. "इकडेच नव्हता."

हसावे की नाही, त्याला कळेना. ती गोष्ट घडली तेव्हा तो पाळण्यात होता आणि पुढे घरात तिच्याबद्दल कोणी मोठ्याने बोलले नाही.

ब्रश तीन आहेत. आत्ता माझ्यासमोर खिडकीच्या गजाला दोऱ्याने उलटे टांगले आहेत, नाना टांगत तसेच. तिन्ही एकाच जनावराच्या केसांचे, बॅजरच्या. रंग सोडला तर लांबून पाहणाऱ्याला तिन्ही सारखेच दिसतील. गालाला मात्र ते सारखे नाहीत, आणि हे मला ज्या रीतीने कळले ती रीत आमच्या गल्लीला अजून मान्य नाही. तेच लिहायचे आहे.

पहिले महायुद्ध सुरू होण्याच्या आदल्या वर्षी मी विधवा होऊन धुळ्याला माहेरी आले. पंधरा वर्षांची होते. सासर जळगावचे. तिथे मी एकंदर चार महिने नांदले. नवरा आठवायचा म्हटले की आधी त्याच्या कानातली भिकबाळी आठवते, मग कान, आणि त्यापुढे काही नाही. त्याच्या मागे माझे केस जायचे होते. आमच्यात तशी रीतच होती. कोणी कोणाला विचारत नसे, दिवस ठरे आणि न्हावी येई.

तो आला तेव्हा दुपार होती. आईने मागच्या अंगणात पाट मांडून ठेवला होता आणि ती स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसली होती. न्हावी आमच्या घरचाच, माझे जावळ काढलेला. काखेत हत्यारांची धोकटी धरून तो दाराशी खाली मान घालून उभा राहिला. नाना कलेक्टर कचेरीत कारकून होते, ते या वेळी कधी घरी नसत. त्या दिवशी ते आले, पगडी काढली नाही, जोडाही काढला नाही, आणि दाराच्या चौकटीत न्हाव्याकडे तोंड करून उभे राहिले. घरी जा, एवढेच त्याला म्हणाले. रागाने नव्हे. धोकटी घेऊन जाताना त्याची चाल मला सुटका झालेल्या माणसासारखी वाटली.

संध्याकाळी गल्लीतली चार वडीलधारी माणसे आमच्या ओट्यावर आली. पुढे होते ते कोपऱ्यावरच्या घरातले आबा. आबा वकिली करत आणि वाक्ये तोलून बोलत. मी आतून ऐकत होते.

"जो वस्तरा मुलीच्या डोक्याला लागला नाही," आबा म्हणाले, "तो तुमच्या गालाला लागायचा नाही."

"बरं," नाना म्हणाले.

एवढाच संवाद झाला. आई पुढे कित्येक वर्षे म्हणे, निदान थोडे भांडायचे तरी, म्हणजे मिटवायला काही जागा राहिली असती. 'बरं' म्हटल्यावर कोण काय मिटवणार.

आजच्या तरुणांना यात शिक्षा कुठली ते कळणार नाही. तेव्हा आमच्यातला पुरुष स्वतःच्या गालाला स्वतः वस्तरा लावत नसे. न्हावी आठवड्याला येई, समोर उकिडवा बसे, वाटीतले पाणी बोटांनी दाढीत मुरवी आणि गावाच्या बातम्या सांगता सांगता गाल साफ करून जाई. साबण नाही, ब्रश नाही. वाढलेल्या दाढीने कचेरीत जाणे म्हणजे घरात सुतक आहे असे सांगत फिरणे. नाना चाळीस वर्षांचे होते. पंधरा दिवसांत त्यांचा चेहरा असा झाला की आई त्यांच्याकडे न पाहता जेवायला वाढी.

मग त्यांनी बाजारातून एक वस्तरा आणला. पहिल्या दिवशी हनुवटीला तीन जागी कापले. कागदाचे कपटे चिकटवून ते कचेरीत गेले, आणि हेडक्लार्कनी विचारले म्हणतात, की काय हो, मांजर पाळलंय का. दुसऱ्या दिवशीही कापले. तिसऱ्या दिवशी दुपारी आमचा न्हावी मागच्या भिंतीपलीकडे येऊन उभा राहिला. भिंत छातीएवढी होती. नाना अंगणात तोंड धूत होते. तो आधी आपल्या अहिराणी बोलीत रडगाणे गायला, "नाना, मना हातमा काय शे? बठ्ठा म्हनतस, त्या घर जाऊ नको." सगळ्यांनीच त्याला बजावले होते. मग आवाज उतरवून त्याने शिकवायला सुरुवात केली. कातडी आधी ताणायची. वस्तरा निजवून धरायचा, उभा नाही. आणि वस्तऱ्याची घाई एक वेळ चालेल, पाण्याची करायची नाही. दाढी भिजवणे हेच अर्ध्याहून जास्त काम. त्याची बोटे भिंतीवरून आलेल्या उन्हात हवेतच कोणाच्या तरी गालाला पाणी लावत होती. ती बोटे मला अजून दिसतात.

नानांची बोटे टाकाची. त्यांना ते मुरवणे जमेना. आणि त्याच महिन्यात एका बदली झालेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या, मच्छरदाण्या, दिवे. नानांनी दौतीच्या लोभाने एक किरकोळ वस्तूंची पेटी घेतली आणि दौतीखाली हा पहिला ब्रश निघाला. हाडाची मूठ, वर बोटभर केस : बुडाशी फिके, मध्ये काळा पट्टा, टोकाला पुन्हा फिके. नानांनी तो कोमट पाण्यात धरला, साबणाच्या वडीवर फिरवला आणि गालाला लावला. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. ते मला म्हणाले, "ये, हात दे." माझ्या मनगटाच्या आतल्या बाजूला त्यांनी तो टेकवला. इतके मऊ काही मला त्याआधी लागल्याचे आठवत नव्हते, आणि तरी ते पिचत नव्हते. दाबले की उलट दाबत होते.

"टोकाला मऊ, कण्याला ताठ," नाना म्हणाले. "असा पाहिजे."

"तुम्ही नुसतेच ताठ," आई आतून म्हणाली. महिनाभरात ती पहिल्यांदा थट्टा करत होती.

थट्टा दोन दिवस टिकली. मग तिने विचारले, केस कशाचे आहेत. नाना खोटे बोलत नसत. त्यांनी मुठीवर कोरलेला शब्द इंग्रजी कोशात शोधला आणि बॅजर म्हणजे आपल्याकडच्या बिज्जूचा लांबचा भाऊबंद, असे सांगितले. आई चोपड्याची, सातपुड्याच्या पायथ्याची. तिकडे बिज्जू सर्वांना ठाऊक असतो. तो पुरलेल्या जागची माती उकरतो. माझ्या आधी तिला एक मुलगा झाला होता, तो सव्वा महिन्याचा होऊन गेला. एवढ्या लहान मुलाला जाळत नाहीत, पुरतात. त्याच्यावर दगड रचले, दगडांवर बाभळीचे काटे घातले, ते बिज्जूच्याच भीतीने. हे नानांना माहीत होते. कोश वाचून दाखवताना त्यांच्या ध्यानात आले नाही. विद्वान माणसाकडून होते तशी ही चूक.

दुसऱ्या दिवशी नाना कचेरीत गेल्यावर आईने चुलीतली राख तांब्याच्या पातेल्यात घातली, पाणी कडकडीत उकळले आणि तो ब्रश त्यात सोडला. आमच्याकडे विटाळलेले भांडे राखेने शुद्ध करतात; केस म्हणजे भांडे नव्हे, हे तिला कोणी सांगितले नव्हते. मला ठाऊक होते की नाही आठवत नाही. ठाऊक असते तरी मी तिला थांबवले नसते. काठीने ढवळताना तिचे ओठ मिटलेले होते. बाहेर काढला तेव्हा पांढरी टोके तपकिरी पडली होती, केसांचे झुबके एकमेकांना चिकटले होते आणि वाळल्यावर हात लावला तर कुसळ टोचावे तसे झाले.

सकाळी नानांनी तो गालावर फिरवला. मी समोर आरसा धरून उभी होते. त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ब्रश पुन्हा भिजवून त्यांनी दुसऱ्या गालावर फिरवला, तितक्याच सावकाश. आई दारात उभी होती.

"आता स्वच्छ झाला," नाना म्हणाले.

त्या दिवसापासून आई गेली तोपर्यंत, म्हणजे युद्ध संपताना मानमोडीच्या तापाची साथ आली तोपर्यंत, पाच वर्षे नानांनी रोज तोच ब्रश लावला. घरात त्याला राखेचा ब्रश म्हणत. आई त्याला शेपूट म्हणे, पण वाळत घालायची तीच.

आणि नाना दाढी घरात करत नसत. पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी स्टूल, वाटी आणि आरसा पुढच्या ओट्यावर नेला. रोज सकाळी सात वाजता, मंगळवार असो, शनिवार असो, अमावास्या असो, गल्लीकडे तोंड करून फेस लावायचा. न्हावी असताना आठवड्याला एक दाढी होत होती, न्हावी बंद केल्यावर रोज होऊ लागली. देवळाला निघालेल्या बायका पदर ओढून पलीकडच्या बाजूने जात. आबा कोपऱ्यावरून येत, फेसाच्या चेहऱ्याकडे पाहत आणि घसा साफ करत. नाना मान हलवून नमस्कार करत. न्हाव्यापाठोपाठ थांबलेले भटजी दोन-तीन वर्षांत परत यायला लागले, हळदीकुंकवाची बोलावणीही आईला यायला लागली. न्हाव्याची बंदी तेवढी राहिली. आबांना ती उठवायची तर माझ्या केसांबद्दल बोलणे भाग होते, आणि नानांनी ती उठवा असे कधी म्हटले नाही.

माझे केस मी रोज विंचरले. ओट्यावर नव्हे, एवढी हिंमत मला तेव्हा नव्हती. खिडकीत.

आई गेल्यानंतर नानांनी राखेचा ब्रश उचलून कोनाड्यात ठेवला. तो आता लावणे जमत नाही, असे म्हणाले, आणि मुंबईहून टपालाने, व्ही.पी.ने, दुसरा मागवला. हाही बॅजरचाच, पण पूर्ण काळपट, आखूड आणि दाट. पहिल्या दिवशी ओला झाल्यावर त्याला जनावराचा वास आला. मी तेव्हा पुण्याला मास्तरणीचे शिक्षण घेत होते आणि सुट्टीत घरी आले होते. अभ्यासाची सवय म्हणून मी दोन्ही ब्रश शेजारी ठेवून पाहिले. दुसऱ्याची टोके कात्रीने सारखी केलेली होती. कापलेला केस आणि वाढलेला केस यांत धसकट आणि गवत यांच्याइतका फरक असतो. उभ्या ज्वारीतून अनवाणी जा, काही होत नाही. कापणीनंतर त्याच वावरातून जा. पण या ब्रशात जोर होता. फेस लवकर येई आणि राठ दाढी मुळापासून उभी राही. नाना म्हणत, हा कचेरीतल्या चपराशासारखा आहे, काम करतो पण हाका मारत करतो.

तिसरा मी आणला. जळगावच्या मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हा पहिल्या पगारातून. स्टेशनाजवळच्या दुकानात रेल्वेच्या साहेबांसाठी असला माल असे. दुकानदाराने विचारले, यजमानांना कसा आवडतो, मऊ की कडक. यजमान नाहीत, वडिलांसाठी हवा आहे, मी म्हटले. त्याने माझ्या केसांकडे पाहिले, कपाळाकडे पाहिले, आणि सगळ्यात वरच्या फळीवरची डबी काढली. मी पाच-सहा ब्रश मनगटावर टेकवून पाहिले. गिऱ्हाईक खोळंबले, मी खोळंबू दिले.

या तिसऱ्याची टोके चांदीसारखी पांढरी आणि कात्री न लावलेली. वासराच्या कानामागे हात लावावा तसा. पाणी इतके धरून ठेवतो की पिळला तरी पोटात ओल राहते, आणि गालावर टेकवला की टोके आपोआप पसरतात. नानांनी तो दोन्ही गालांवर पुरता फिरवला. मग म्हणाले, "हा लावलाय हे कळतच नाही. आरशात बघावं लागतं."

मला ती स्तुती वाटली.

विलायती मालाच्या होळ्या पेटू लागल्या त्या सुमाराची गोष्ट. नाना तोवर पेन्शनीत निघाले होते. त्यांनी आपले दोन कोट आणि टोपी आधीच देऊन टाकली होती, मी खादी नेसत होते. एका सकाळी गल्लीतली तरुण मंडळी घोषणा देत ओट्यापाशी आली. नानांच्या तोंडाला फेस होता. त्यांच्यातला एक, आबांचा नातू, अदबीने म्हणाला की नाना, सगळे दिलेत, तेवढा ब्रश राहिला.

"देतो," नाना म्हणाले. "कापड गावात विणतात, ते मी अंगावर घातलं. गावानं मला न्हावी द्यावा, ब्रश मी होळीत टाकतो."

मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. आबांच्या नातवाला सगळे ठाऊक होते. "जाऊन विचारा आजोबांना," नाना म्हणाले आणि वस्तरा उघडला. कोणी परत आले नाही. माझ्या मनात आजही येते की त्या पोरांचा मुद्दा बरोबर होता. पण नानांचाही बरोबर होता, आणि तो जुना होता.

तीन वर्षांपूर्वी नानांना अर्धांगवायू झाला. डावी बाजू गेली. मी रजा काढून आले, मग बदली मागून धुळ्यालाच राहिले. वैद्यांनी सांगितले की गालात, हातात संवेदना उरली आहे का ते पाहत राहा. थोडी जरी असेल तरी आशा धरायला हरकत नाही. पहिले काही दिवस दाढी वाढली. एका सकाळी नाना उजव्या हाताने स्वतःच्या गालावरून बोटे फिरवत होते आणि त्यांची नजर दाराबाहेर ओट्यावर होती. मी स्टूल बाहेर ठेवले. चुलतभावाच्या मदतीने त्यांना खुर्चीसकट ओट्यावर आणले, पंचा बांधला आणि वस्तरा हातात घेतला.

बाईने पुरुषाची दाढी करायची, तीही विधवेने, केस राखलेल्या, सकाळी सात वाजता, भर गल्लीत. घरात करता आली असती. चुलतभाऊ तेच म्हणत होता, आत कर अक्का, आत कर. पण नानांनी सत्तावीस वर्षे जे तोंड गल्लीला दाखवले ते आता वाकडे झाले म्हणून आत न्यायचे, हे मला पटेना. शेजारची काकू कपाळावर हात मारून आत गेली आणि खिडकीतून पाहू लागली. भिंतीपलीकडून ऐकलेले मनात म्हणत गेले : कातडी ताणायची, वस्तरा निजवायचा, पाण्याची घाई नाही.

तेव्हा मला ब्रश कळले. आधी मनगटाने कळले होते ते काहीच नव्हते. चांदीच्या टोकाचा ब्रश मी उजव्या गालावर फिरवला की नाना डोळे मिटून घेत. डाव्या गालावर फिरवला की काही नाही. भिंतीला चुना लावावा तसे. काळा ब्रश लावून पाहिला. तो टोचरा, तो तरी लागेल असे वाटले. नाही. मग कोनाड्यातला काढला. बावीस वर्षे तो वापरला नव्हता. कोमट पाण्यात चांगला वेळ ठेवला, तरी मांजराच्या जिभेसारखा खरखरीतच राहिला. त्यांचे डोळे मिटलेले होते आणि मी कोणता घेतला ते त्यांना सांगितले नव्हते. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत एकदा ओढला.

नानांचे उजवीकडचे तोंड हलले. शब्द तेव्हा जड येत असत. "हा तिचा," ते म्हणाले.

मी दुसऱ्या दिवशी परीक्षा घेतली. आधी मऊ, मग काळा, मग राखेचा. पुढच्या दिवशी क्रम बदलून. आठवडाभर. एकदाही चुकले नाहीत. दोन ब्रशांना गप्प, तिसऱ्याला 'हा तिचा'. वैद्यांना सांगितले तर ते म्हणाले, असेल, खालपर्यंत पोचत असेल काही. मग आमची रीतच पडली. उजव्या गालाला जळगावचा, डाव्या गालाला राखेचा, सुरुवात डावीकडून. मी विचारी, "लागलं?" आणि ते म्हणत, "लागलं." हात-पाय काही सुधारले नाहीत. गाल मात्र शेवटपर्यंत ते उत्तर देत राहिला. त्या एका शब्दासाठी मी रोज सकाळी सातला ओट्यावर असे, थंडीतही. नाना एकदा मोठ्या कष्टाने पूर्ण वाक्य बोलले. म्हणाले, "माझ्या तोंडाला गावाचा वस्तरा लावू देऊ नकोस." मी म्हटले, नाही देणार. मला वाटले ते उद्या-परवाचे बोलत आहेत.

ते पहाटे गेले. नऊच्या सुमाराला अंगण भरले होते. पांझरेच्या काठी स्मशानात न्यायच्या आधी दाढी व्हायला हवी होती. आदल्या दिवशी नानांना ताप होता म्हणून मी ती केली नव्हती. तेवढ्यात आबा काठी टेकत आले. पंचाहत्तरी ओलांडली आहे त्यांनी. त्यांच्या मागे आमचा न्हावी, त्याच्याइतकीच जुनी धोकटी काखेत. केस सगळे पिकलेले.

आबा अंगणात सगळ्यांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मेल्यावर वैर नसतं. मी याला घेऊन आलोय. झालं गेलं, बंदी उठली."

कोणीतरी बरे झाले म्हणाले. चुलतभावाने माझ्याकडे पाहिले आणि त्याचा चेहरा उजळला. त्याला खरोखरच आनंद झाला होता. मी पाहत होते की आबाही मनापासून बोलत होते. तीस वर्षे त्यांनाही जड गेली असतील. पण नाना जिवंत होते तोवर बंदी उठवायला रोज सकाळी सातची वेळ मोकळी होती. ओटा त्यांच्या वाटेवर होता.

"मी करते," मी म्हटले.

"बाई," आबा म्हणाले, "प्रेताची हजामत बाईनं करायची नसते."

"रोज करते. आजही करते."

"आणि हा आलाय त्याचं काय?"

"नानांनी तीस वर्षं तुमचा वस्तरा लावून घेतला नाही. आज त्यांना बोलता येत नाही, म्हणून मी तो लावू द्यायचा, असं होणार नाही."

माझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला कोणीतरी हाताला धरून आत बसवले असते. आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. चुलतभाऊ म्हणाला, अक्का, आता तरी. मी आत जाऊन पाणी कोमट केले, वाटी, साबण आणि दोन ब्रश घेऊन आले आणि नानांच्या उशाशी बसले. वस्तरा उघडला तर धार उतरलेली. तीन दिवस लावायची राहून गेली होती.

तेव्हा न्हावी पुढे आला. मी वस्तरा मिटून मुठीत धरला. तो हसला, दात बरेचसे गेलेले. धोकटी उघडून त्याने वस्तरा काढला नाही. चामड्याचा पट्टा काढला, एक टोक पायाच्या अंगठ्यात धरले आणि माझ्यापुढे हात केला. मी माझा वस्तरा त्याला दिला. त्याने तो पट्ट्यावर दहा-बारा वेळा फिरवला, अंगठ्याच्या नखावर धार पाहिली आणि परत माझ्या हातात ठेवला. मग वाकून नानांच्या गालावरून बोटांची पाठ फिरवली, परवाच्या दाढीवरून.

"तुमना हात बसेल शे, अक्का," तो हळूच म्हणाला, म्हणजे माझा हात सरावला आहे, आणि वाटी धरून माझ्या शेजारी बसला.

मी राखेचा ब्रश भिजवला. साबण थंड कातडीवर नीट धरेना, दोनदा लावावा लागला. डाव्या गालावर कानापासून हनुवटीपर्यंत ओढला आणि रोजच्या सवयीने विचारले, "लागलं?" रोज थांबत असे तेवढी थांबले. न्हाव्याने माझ्याकडे पाहिले नाही, वाटीकडे पाहिले. मग मी कातडी ताणली, वस्तरा निजवला आणि सावकाश तो गाल पुरा केला.

बाहेरून आबांनी विचारले, ऊन चढतंय, अजून किती वेळ.

"थांबा, आबा," न्हावी म्हणाला. "आजून एक गाल बाकी शे."